मास्ट्रिख्ट तोंडपाठ, बालाघाट ठाऊक नाही

युरोपीय नागरिकत्वावर आपल्या विद्यापीठांत जी व्याख्यानं होतात ती मला आता ऐकवत नाहीत. वक्ते तयारीने येतात, तपशिलात चुकत नाहीत. मास्ट्रिख्ट करारावर ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झाल्या, १ नोव्हेंबर १९९३ रोजी तो लागू झाला आणि त्या दिवसापासून सदस्य देशांचा प्रत्येक नागरिक युरोपीय संघाचाही नागरिक झाला, हे ते कागदात न बघता सांगतात. शेंगेन सांगतात, लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे निवाडे सांगतात, ब्रेक्झिटवर हळहळतात. मग चहा होतो, प्रमाणपत्रं वाटली जातात, प्रवासभत्त्याचे फॉर्म भरले जातात आणि सगळे आपापल्या घरी जातात. ज्या देशात बसून ही चर्चा चालते त्या देशाचा नागरिक एका राज्यातून शेजारच्या राज्यात गेला की त्याच्या हक्कांचं काय होतं, हा प्रश्न दिवसभरात कुणाच्याही तोंडून निघत नाही. मी बालाघाटचा आहे. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हे लिहितोय ते रागाने लिहितोय.

१ नोव्हेंबर ही तारीख आम्हाला मास्ट्रिख्टच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना लागू झाली. आदल्या दिवसापर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यातले जिल्हे होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये जन्मला तोच मुळी भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून. इंग्रजांच्या अमदानीत नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा आणि बालाघाट हे पाच जिल्हे मिळून नागपूर विभाग होता. आमचं सरकार नागपूरला, उच्च न्यायालय नागपूरला, बाजारपेठ नागपूरला. मग एका रात्रीत विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी चारशे किलोमीटरपलीकडे भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आमच्यापासून ते चाळीसेक किलोमीटरवर. ते दुसऱ्या राज्यात गेलं, आणि मधली बाघ नदी राज्याची सीमा झाली.

ती पुनर्रचना उलटवा असं मी म्हणत नाही. बालाघाटात हिंदी आहे, गोंडी आहे, पोवारी आहे, मराठी आहे; एका भाषेने सातबारा सांगावा असा हा जिल्हा नाही. माझ्या आईचं शिक्षण मराठीत झालं, माझं हिंदीत झालं, आणि दोन्ही भाषांनी मला वाढवलं. माझं भांडण जमिनीचं नाही. रेघ ओढली गेली, ती राहू दे. पण रेघ ओलांडणाऱ्या माणसाचं नागरिकत्व त्या रेघेवर का गळून पडावं?

भारताच्या संविधानात नागरिकत्व एकच आहे. राज्याचं वेगळं नागरिकत्व आपल्याकडे नाही. देशात कुठेही जा, कुठेही राहा, हा कलम १९ चा हक्क आहे. जन्मस्थानावरून भेद करू नका असं कलम १५ आणि १६ बजावतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगितलं की अधिवास एकच असतो, तो भारताचा. राज्याचा अधिवास ही कल्पनाच आपल्या संविधानात बसत नाही. इतकं स्वच्छ. आणि तरी महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्राला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, मध्य प्रदेशात मूल निवासी प्रमाणपत्राशिवाय आणि समग्र आयडीशिवाय पान हलत नाही. युरोपात एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात पाच वर्षं कायदेशीर राहिला की त्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. २००४ च्या निर्देशातच तसं आहे. तिथे दोन देशांमध्ये पाच वर्षं. इथे एकाच देशात पंधरा. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेला फळा मी आजवर एकाही चर्चासत्रात पाहिला नाही.

माझी एक भाची आमच्या जिल्ह्यातल्या वारासिवनीला जन्मली आणि लग्न होऊन गोंदियाला गेली. आमच्याकडे सोयरिकी अशाच होतात. नदीच्या दोन्ही बाजूंना लेक दिली जाते, सून आणली जाते. १९५६ च्या कायद्याने त्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो कागदात. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिचा स्वतःचा जन्मदाखला आणि शाळेचे कागद उपयोगाचे ठरले नाहीत, कारण ते नदीच्या या बाजूचे होते. परराज्यात जन्मलेल्या बायकांसाठी सरकारने वेगळी सोय केली होती: तिने महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा नवऱ्याचं अधिवास प्रमाणपत्र चालेल. सवलत म्हणून ती जाहीर झाली आणि हजारो घरांनी हुश्श केलं असेल. मला मात्र ती वाचून संताप आला. भारताची नागरिक असलेली, मतदान करणारी, शिकलेली बाई हक्क सांगायला उभी राहते ती नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर. उद्या नवरा वारला आणि सासरचे कागद देईनात, किंवा तो टाकून गेला, तर तिने दारोदार कुणाचा दाखला मागायचा?

युरोपीय कायदा शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही रचना ओळखू यायला हवी. तिथेही जोडीदाराच्या नात्यातून मिळणारा हक्क आहे. पण तो कुणासाठी? संघाबाहेरच्या देशातल्या माणसासाठी. मोरोक्कोची बाई फ्रेंच नवऱ्याबरोबर बेल्जियमला राहायला गेली तर तिचा तिथला हक्क नवऱ्याच्या नागरिकत्वातून निघतो. तीच बाई फ्रेंच असेल तर तिचा हक्क तिचा स्वतःचा. नवरा असो वा नसो. म्हणजे युरोपने परक्या देशातल्या सुनेला जी जागा दिली, तीच आपण वारासिवनीच्या लेकीला गोंदियात दिली. नागरिकत्वाच्या अभ्यासात याहून टोकदार उदाहरण मला ठाऊक नाही. ते आमच्या विद्यापीठांपासून हाकेच्या अंतरावर पडलेलं आहे, आणि त्यावर कुणी वाकून बघत नाही.

जातीच्या दाखल्याचं प्रकरण तर याहून कठोर आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळायला एका ठरावीक तारखेचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचं घराणं आज महाराष्ट्रात असलेल्या भागात राहत होतं हे दाखवा, मग बोला. महार दोन्ही राज्यांत अनुसूचित जातीत आहेत, गोंड दोन्ही राज्यांत अनुसूचित जमातीत आहेत. जात लग्नाने बदलत नाही, ती माहेराहून येते. आणि माहेर बालाघाटात. त्यामुळे बैहरची गोंड मुलगी सालेकशाला नांदायला गेली की महाराष्ट्र सरकारच्या लेखी ती आदिवासी राहत नाही. तिची भाषा, तिचे देव, तिची गरिबी, सगळं तिच्याबरोबर आलं. फक्त तेवढी ओळख नदीत राहिली.

आता त्या तारखांकडे नीट बघा. १० ऑगस्ट १९५० रोजी महाराष्ट्र नावाचं राज्य अस्तित्वातच नव्हतं. त्या दिवशी गोंदिया मध्य प्रदेशात होतं. बालाघाटही मध्य प्रदेशात होतं. दोघांची राजधानी एक, दोघांचा उच्च न्यायालयाचा उंबरठा एक. म्हणजे ज्या तारखेचा पुरावा आज बालाघाटच्या मुलीकडून मागितला जातो, त्या तारखेला तिचा आजोबा आणि तिच्या सासऱ्याचा बाप एकाच राज्याचे रहिवासी होते. एकाचा पुरावा ग्राह्य, दुसऱ्याचा नाही. का, तर सहा वर्षांनी दिल्लीत एक नकाशा मंजूर झाला म्हणून. या अन्यायाला मला दुसरा शब्द सापडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये सांगितलं की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो, स्थलांतर करणाऱ्याबरोबर तो जात नाही. त्यामागचा विचार मला समजतो. एका राज्यात जो समाज पिचलेला आहे तो हजार मैलांवरच्या राज्यात तसाच असेल असं नाही, आणि तिथल्या वंचितांच्या जागा बाहेरच्याने घेऊ नयेत. आंध्रातून मुंबईला आलेल्या विद्यार्थ्याच्या खटल्यात हा विचार मांडला गेला. पण बाघ नदी म्हणजे मुंबई आणि आंध्र नव्हे. याच सीमेवरचा, पांढुर्ण्याच्या एका हलबा अर्जदाराचा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाला हे जाणवलं की पुनर्रचनेआधी जो प्रदेश एकच होता आणि जिथे जमात दोन्हीकडे यादीत आहे, तिथला प्रश्न वेगळा आहे आणि तो आधीच्या निकालांत उठलाच नव्हता. दार किलकिलं झालं होतं. त्यात पाय घालायला अभ्यासक हवे होते, प्रबंध हवे होते, तहसिलींतून गोळा केलेली प्रकरणं हवी होती. आमचे अभ्यासक त्या काळात युरोपीय न्यायालयाचा २००१ चा ग्रझेल्चिक निवाडा समजावून देत होते: बेल्जियममध्ये शिकणाऱ्या फ्रेंच मुलाला निर्वाह भत्ता मिळाला पाहिजे, कारण संघाचं नागरिकत्व हा त्याचा मूलभूत दर्जा आहे. निवाडा थोर आहे. पण त्याचा भारतीय विद्यार्थ्याला उपयोग काय, जर त्याला शिकवणारा माणूस पांढुर्ण्याचा निवाडा कधी उघडतच नसेल?

दवाखान्याचं बघा. बालाघाटचा गंभीर आजारी माणूस गोंदियाला नाहीतर नागपूरला जातो. जबलपूर लांब, भोपाळ फारच लांब. गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालं, नागपूरचं १९४७ चं, म्हणजे आमच्याच जुन्या राजधानीतलं. आयुष्मान कार्ड नोंदणीकृत रुग्णालयात राज्याबाहेरही चालतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांची. ज्याच्याकडे आयुष्मान कार्ड नाही अशा बालाघाटच्या माणसाला तिथे हात पसरावा लागतो.

पिरेनीज पर्वतात सेर्दान्या नावाचं एक खोरं आहे. १६५९ च्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले, अर्धं फ्रान्सला आणि अर्धं स्पेनला. साडेतीनशे वर्षं हिवाळ्यात फ्रेंच बाजूच्या रुग्णाला डोंगर उतरून लांब जावं लागे. २०१४ मध्ये स्पेनच्या हद्दीतल्या पुइग्सेर्दा गावी दोन्ही देशांनी मिळून एक रुग्णालय उघडलं, युरोपीय संघाच्या पैशाची मदत घेऊन. दोन भाषा, दोन विमा व्यवस्था, दोन देशांचे डॉक्टर, एक इमारत. सीमा हलली नाही, कुणी भूभागावर दावा सांगितला नाही. रुग्णाचा प्रश्न सोडवायचा ठरवलं आणि सोडवला. जी व्याख्यानं मी ऐकली त्यांत या रुग्णालयाचं नाव एकदाही आलं नाही. करारांची कलमं आली. माणसं जिथे त्या कलमांचा उपयोग करून घेतात ती जागा आली नाही.

आणि कुणी म्हणू नये की राज्याला आपल्या सीमेबाहेर हक्क देता येत नाहीत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. त्या गावांच्या उमेदवारांना नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट शिथिल आहे. बेळगावच्या मराठी माणसाला हे मिळालं याचा मला आनंद आहे. त्याने त्यासाठी पिढ्या खर्च केल्या आहेत. पण मग रीत सापडली आहे, शासन निर्णयाचा मसुदा तयार आहे. ती आमच्याकडे का वळत नाही? कारण महाराष्ट्राचा त्या गावांवर दावा आहे आणि बालाघाटवर नाही. म्हणजे हक्क देताना माणूस बघितला गेला नाही, जमीन बघितली गेली. सौसर, पांढुर्णा, मुलताई, कटंगी, लांजी इथला माणूस कुणाच्याच मागणीपत्रात नाही. मुंबई-पुण्याच्या मराठी व्यासपीठांवर सीमाभाग म्हणजे एकट्या बेळगावचा परिसर. वैनगंगेच्या काठी मराठी बोलणारी माणसं राहतात ही बातमी तिथवर पोचलेली नाही.

जमिनीखालची गोष्ट वेगळी आहे. मँगनीजचा पट्टा नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत सलग आहे. भरवेली, उकवा, तिरोडी इथल्या खाणी आणि पलीकडे डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसरच्या खाणी एकाच मॉइल कंपनीच्या, जिचं मुख्यालय नागपूरला. केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही सरकारं तिचे भागधारक आहेत. दगडाच्या मालकीत दोन राज्यं भागीदार होऊ शकतात. तो दगड फोडणाऱ्याच्या मुलीचा दाखला मात्र एकमेकांचा मानत नाहीत.

युरोपला मी देवघरात बसवत नाही. ज्या संघाने आतल्या सीमा सैल केल्या त्यानेच बाहेरची सीमा इतकी आवळली की भूमध्य समुद्रात माणसं बुडून मरतात. २०१४ च्या दानो निवाड्यात युरोपीय न्यायालयाने काम न शोधणाऱ्या गरीब रुमानियन बाईला जर्मनीचा भत्ता नाकारला. करोनात त्यांनीही नाके उभारले. काही बाबतींत आपण त्यांच्या पुढे आहोत: बालाघाटचा माणूस गोंदियाचा रहिवासी झाला की तिथल्या विधानसभेलाही मत देऊ शकतो, युरोपात दुसऱ्या देशात राहणाऱ्याला स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीवर थांबावं लागतं. २०१७ मध्ये वस्तू-सेवा कर आला आणि मालाला देशभर वाट मोकळी झाली. एक देश एक रेशन कार्ड २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचलं. करता येतं. पण माल आधी मोकळा झाला आणि माणूस मागाहून, आणि तोही फक्त धान्यापुरता. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाचे होते. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. त्यांनी जिथे घाम गाळला त्या राज्याने त्यांना आपलं मानलं नाही आणि ज्या राज्याचे ते होते ते पोचलं नाही. एकेरी नागरिकत्व त्या रात्री कुठे होतं, हे नागरिकत्वाच्या प्राध्यापकांनी सांगायचं असतं.

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मी हा प्रश्न उभा राहून विचारला होता. उत्तर आलं: हा राज्यशासनाच्या प्रशासनाचा विषय आहे, आजच्या चर्चेच्या कक्षेत येत नाही. अध्यक्षांनी मान हलवली. सभागृहात बसलेल्यांत गोंदिया-भंडाऱ्याची मुलं होती, ज्यांच्या घरात बालाघाटच्या आया आणि वहिन्या आहेत. त्या मुलांना त्या दिवशी शिकवलं गेलं की नागरिकत्व हा ब्रसेल्सचा विषय आहे आणि आईची तहसिलीतली पायपीट हा विषयच नाही. मला याचा राग आहे. ज्ञान परदेशाचं आहे म्हणून राग नाही. शिकवणाऱ्याने ते आपल्या माणसांवर वापरायचं नाकारलं म्हणून आहे.

ज्या कायद्याने आम्हाला तोडलं त्याच १९५६ च्या कायद्यात क्षेत्रीय परिषदा आहेत, सीमातंटे, भाषिक अल्पसंख्य आणि आंतरराज्य वाहतूक यांवर चर्चा करायला. पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत बसतो आणि मध्य प्रदेश मध्य परिषदेत. बाघ नदी दोन राज्यांची सीमा तर आहेच, दोन परिषदांचीही आहे; आमचा विषय एकाही टेबलावर येत नाही. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय कायद्यात आहे. ती वापरा असं सरकारला सांगणारं एक टिपण आमच्या राज्यशास्त्र विभागांनी लिहावं. पुनर्रचनेआधी एका राज्यात असलेल्या जिल्ह्यांसाठी जातीच्या दाखल्याच्या तारखेचा नियम बदला, असं सांगणारं दुसरं. परराज्यातून आलेल्या सुनेचा स्वतःचा दाखला मान्य करा, असं तिसरं. गोंदियाचं रुग्णालय दोन राज्यांनी मिळून चालवा, असं चौथं. आणि एम.ए.च्या ज्या विद्यार्थ्याला युरोपीय एकात्मतेवर प्रबंध लिहायचाय त्याला ब्रसेल्सचे कागद जरूर द्या, पण त्याआधी गोंदियाच्या तहसिलीत आठवडाभर बसवा. पहिला प्रश्न त्याला मी देतो: १० ऑगस्ट १९५० रोजी गोंदिया कोणत्या राज्यात होतं?